लांब पल्ल्याची धाव आणि सम्यक व्यायाम

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो असा की, माणसाने मोठं ध्येय ठरवावं कसं आणि गाठावं कसं. या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाडीवर अशी पुस्तकं ढिगाने मिळतात. आम्ही त्या पठडीतले वक्ते नव्हे. आम्ही पहाटे मैदानावर जमून पळणारी माणसं. म्हणून आम्हाला जे ठाऊक आहे त्याच्यावरच बोलतो, आणि ते म्हणजे लांब पल्ल्याचं धावणं.

आधी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम येतो. मराठीत व्यायाम म्हटलं की आपल्यासमोर जोर-बैठका उभ्या राहतात. पालीत ‘वायाम’ म्हणजे प्रयत्न, नेटाने केलेला उद्योग. मनात शिरलेलं अकुशल काढून टाकणं, नवं अकुशल येऊ न देणं, कुशल उत्पन्न करणं आणि असलेलं वाढवणं, हे त्याचे चार भाग धम्मवर्गातल्या पोरांना पाठ असतात. तेव्हा तथागतांनी मैदानाला फेऱ्या मारायला सांगितलं होतं असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे रोज पहाटे अंथरुण सोडताना आमच्या लक्षात येतं.

आता आमच्यातलेच काही ज्येष्ठ विचारतात की, धम्म तर तृष्णा सोडायला सांगतो. मग मॅरेथॉन पळायची, पदक आणायचं, वर्दी मिळवायची, ही हाव कशाला? प्रश्न रास्त आहे. आणि तो नवा नाही. हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी कोसंबीच्या घोषितारामात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने आनंदांना विचारला होता. इच्छेनेच इच्छा सोडायची म्हणता, मग याला अंत कुठे, असा त्याचा पेच. आनंदांनी त्याला फार साधं उत्तर दिलं. त्यांनी उलट विचारलं, की या आरामात यायचं अशी इच्छा तुला आधी होती ना? आणि इथे पोहोचल्यावर ती इच्छा शमली ना? यायची धडपड, यायचा विचार, वाट कोणती याचा शोध, सगळं इथे आल्यावर शांत झालं ना? ब्राह्मण म्हणाला, होय. हा प्रसंग संयुत्त निकायात आहे. छंद, विरिय, चित्त आणि वीमंसा हे चार इद्धिपाद त्यात येतात. म्हणजे करण्याची आवड, जोर, एकाग्रता आणि तपासून पाहण्याची बुद्धी. मराठीत आपण छंद म्हणतो तो शब्द इथलाच. ज्या इच्छेला मुक्काम असतो आणि मुक्कामाला पोहोचल्यावर जी शमते, ती इच्छा वेगळी. जी पोहोचल्यावर दुप्पट होते ती तृष्णा. धावणाऱ्याला हा फरक लवकर कळतो, कारण पायच सांगतात.

आता एका शर्यतीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. ती आपल्या देशातली नाही, पण आपल्या लोकांनी ऐकावी अशी आहे.

दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरित्झबर्ग आणि डर्बन ही दोन शहरं आहेत. १८९३ साली बॅरिस्टर गांधींना आगगाडीच्या डब्यातून उतरवलं ते स्टेशन पीटरमॅरित्झबर्गचंच. या दोन शहरांमध्ये दरवर्षी कॉम्रेड्स नावाची शर्यत होते. अंतर सुमारे ८६ ते ९० किलोमीटर, म्हणजे दोन मॅरेथॉन एकापुढे एक ठेवल्या तरी थोडं उरतं, आणि वाटेत डोंगरच डोंगर. एक वर्ष चढाच्या बाजूने, एक वर्ष उताराच्या बाजूने असा साधारण क्रम असतो. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या व्हिक क्लॅपहॅम नावाच्या सैनिकाने, मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून, ती १९२१ साली सुरू केली. दगडी स्मारक नको, त्यांनी सोसलं तसं काहीतरी आपणही सोसावं, अशी त्याची कल्पना. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले आणि १६ पोहोचले.

स्मारक होतं सैनिकांचं, पण धावायचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना. काळ्या माणसाला नोंदणी नाही, बाईला नोंदणी नाही. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाईने अर्ज केला, तो नाकारला गेला. ती तरीही पळाली आणि ११ तास ३५ मिनिटांत पीटरमॅरित्झबर्गहून डर्बनला पोहोचली. पदक मिळालं नाही. लोकांनीच तिला भेटवस्तू दिल्या. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा काळा धावपटू असाच बिननंबराचा धावला आणि साडेनऊ तासांत पोहोचला. अधिकृत निकालात त्याचं नाव नाही. १९३५ हे साल आपल्याला वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याची घोषणा केली. दोन माणसांची एकमेकांना ओळख नाही, दोन देश, मध्ये समुद्र; पण रस्ता सार्वजनिक आणि त्यावर चालायला मात्र परवानगी लागते, हे दुखणं एकच.

काळ्या धावपटूंना आणि स्त्रियांना कॉम्रेड्समध्ये अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ साली. म्त्शाली धावला त्याला तोवर चाळीस वर्षं होऊन गेली होती! त्या वर्षी लेसोथोचा व्हिन्सेंट राकाबाएले विसावा आला, आणि अधिकृतपणे शर्यत पूर्ण करणारा पहिला काळा धावपटू ठरला. १९८९ साली सॅम त्शाबालाला पहिला आला. वर्णभेदाची राजवट तेव्हा अजून उठायची होती. आणि २०१९ पासून, जे नऊ ते दहा तासांच्या दरम्यान पोहोचतात त्यांना जे पदक मिळतं त्याला रॉबर्ट म्त्शालीचं नाव दिलेलं आहे. ज्याला नंबर दिला नाही, त्याचं नाव आज हजारोंच्या गळ्यात लटकतं. महाडला चवदार तळं नगरपालिकेने ठरावाने १९२४ सालीच खुलं केलं होतं, पण पाणी मात्र २० मार्च १९२७ ला हजारो पावलं चालत गेली तेव्हा चाखता आलं. कागद आणि पाऊल यांत किती अंतर असतं ते आपण जाणतो.

या शर्यतीचा दुसरा नियम आम्हाला फार आवडतो आणि फार भीतीही वाटते. वेळेची मर्यादा १२ तास. पूर्वी ती ११ तास होती, २००३ पासून कायमची १२ झाली. वेळ संपत आली की एक अधिकारी शेवटच्या रेषेवर येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो, आणि घड्याळात बारा तास भरले की बंदूक झाडतो. पाठ अशासाठी, की कोणाचा चेहरा पाहून दया येऊ नये. रेषेच्या दोन हात अलीकडे असलात तरी नाही म्हणजे नाही. १९८९ साली वॉली हेवर्ड हे गृहस्थ वयाच्या ऐंशीव्या वर्षी धावले आणि ती ११ तासांची बंदूक वाजायला दोन मिनिटंसुद्धा उरली नव्हती तेव्हा पोहोचले. १९३० साली याच माणसाने ही शर्यत पहिल्यांदा जिंकली होती.

आता गणित करा. ९० किलोमीटर, १२ तास. ताशी साडेसात किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला आठ मिनिटं. आपल्या वस्तीतला कोणताही धडधाकट पोरगा आठ मिनिटांत एक किलोमीटर हसत जाईल. एकदा. तेच सलग नव्वद वेळा करायचं, एवढीच ती शर्यत. मोठं ध्येय बहुतेक वेळा असंच असतं. त्याचा एकेक तुकडा काही फार अवघड नसतो; तुकड्यांची संख्या अवघड असते. बी.ए. होणं काय, घर बांधणं काय, दारू सोडणं काय, हिशेब हाच.

अलीकडच्या वर्षांत मुंबई-पुण्याकडची बरीच मंडळी कॉम्रेड्सला जातात. विमानाचं भाडं आणि राहणं धरता तो खर्च आपल्या घरांना परवडणारा नाही, आणि त्यासाठी कर्ज काढावं असं आम्ही कोणालाही सांगणार नाही. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होते, साताऱ्याची डोंगरातली अर्धी मॅरेथॉन २०१२ पासून होते. त्यांचीही फी आता कमी राहिलेली नाही. मैदानाला मात्र फी नाही.

धावण्याचं शास्त्र तसं थोडक्यात सांगता येईल. हळू आणि पुष्कळ पळालं की हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि शरीर चरबी जाळायला शिकतं. स्नायूंत साठवलेली साखर पुरते ती साधारण तीसेक किलोमीटरपर्यंत. म्हणून मॅरेथॉनमध्ये तिसाव्याच्या पुढे माणूस भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो. दम लवकर सुधारतो, पण हाडं आणि पायाच्या शिरा सावकाश तयार होतात. म्हणून नव्या पोरांना आम्ही सांगतो, तुझा दम सांगतो त्यावर जाऊ नको, तुझी नडगी काय म्हणते ते ऐक. आणि वेग मोजायला घड्याळ नसलं तरी चालतं. पळता पळता त्रिशरण म्हणून बघावं. सरळ म्हणता आलं तर वेग बरोबर. ‘दुतियम्पि’लाच धाप लागली तर वेग जास्त आहे, सावकाश घ्या.

इथे सोण कोळिविसाची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विनयातल्या महावग्गात ती आहे. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला हा मुलगा. तळपाय इतके कोवळे, की म्हणे तळव्यांवर लव होती. तो भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण करू लागला. इतकं की पाय फुटले आणि चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. तरी मन मुक्त होईना. तेव्हा त्याच्या मनात आलं, जावं घरी परत, धन आहे, दानधर्म करू. तथागतांनी त्याला विचारलं, तू पूर्वी वीणा छान वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर निघतो का? नाही. फार ढिल्या सोडल्या तर? तरीही नाही. मग प्रयत्नाचंही तसंच आहे. सोणाने तार जुळवली आणि पुढे तो अर्हत झाला.

हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. याच्या पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तथागतांनी नुसता उपदेश करून त्याला पाठवून दिलं नाही. त्याचे पाय पाहिले आणि एकपदरी वहाणा घालायची त्याला अनुमती दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, लोक म्हणतील एवढी संपत्ती सोडली आणि वहाणेत अडकला. सगळ्या संघाला मिळत असेल तर घालीन. मग सगळ्या संघालाच अनुमती मिळाली. आम्हाला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. पाय फुटलेल्या माणसाला ‘मन खंबीर कर’ म्हणून सांगणारे गुरू पुष्कळ. आधी वहाणा देणारा विरळा. आणि ‘मला मिळेल तर सगळ्यांना मिळू दे’ म्हणणारा शिष्यही विरळाच.

तारेचा हा हिशेब धावण्यात जागोजागी लागतो. पाण्याचंच बघा. उन्हात पाणी कमी पडलं तर माणूस कोसळतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण दक्षिण आफ्रिकेतल्याच डॉ. टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिलं, की लांब शर्यतीत गरजेपेक्षा फार जास्त पाणी प्यायल्यानेही रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे तहान लागेल तेवढं प्यावं, एवढंच.

जपानात हिएई पर्वतावर तेंदाई पंथाचे भिक्खू हजार दिवसांचं चालण्याचं व्रत करतात. सात वर्षांत हजार दिवस. सुरुवातीला रोज तीसेक किलोमीटर, आणि शेवटच्या वर्षात शंभर दिवस रोज सुमारे ८४ किलोमीटर. मध्ये नऊ दिवस अन्न नाही, पाणी नाही, झोप नाही. साकाई युसाई नावाच्या भिक्खूंनी हे व्रत १९८० आणि १९८७ असं दोनदा पुरं केलं. परंपरा अशी, की व्रत अर्धवट सुटलं तर जीव द्यायचा. त्यांच्या निग्रहापुढे मान लवते. पण ज्या शास्त्याने सहा वर्षांचं देहदंडन करून पाहिलं आणि ते व्यर्थ म्हणून सोडलं, सुजाताची खीर घेतली, त्याच्या मार्गात पाणी तोडणं आणि मरणाची अट बसत नाही, असं आमचं मत आहे. कोणाला पटणार नाही. चर्चा करू.

ही गोष्ट जपानची म्हणून हसून सोडू नका. आपल्याकडे २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार मृत्युमुखी पडले. ऊन, दमट हवा, रात्र रस्त्यावर काढलेली, पोटात काही नाही, आणि तयारी चार-सहा आठवड्यांची. पुढे अंतर कमी करण्यात आलं. आता पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेला आहेत. म्हणून जाहिरात निघाली की आपली पोरं एकदम मैदानावर उतरतात आणि पहिल्याच आठवड्यात नडग्या धरून बसतात. घरची परिस्थिती अशी, की ही वर्दी मिळाली तर बहिणीचं लग्न, बापाचं औषध, खोलीचं भाडं सगळं सुटेल. इतकं ओझं पाठीवर घेऊन माणूस पळतो तेव्हा तो थांबायला तयार नसतो. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी पळतो. बाबांनो, तेव्हा थांबायचं. भरती पुन्हा निघते. आईबापांनीही पोराला ‘यंदा झालंच पाहिजे’ असं म्हणण्याआधी, त्याने किती महिने तयारी केली ते विचारावं. सहा महिने आधी सुरुवात केलेल्याला १६०० मीटरचं भय राहत नाही.

अविनाश साबळेचं उदाहरण यासाठीच सांगतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आईवडील वीटभट्टीवर राबायचे, शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर तो सैन्यात गेला, आणि गेला तो महार रेजिमेंटमध्ये. ही रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, तिच्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते, हे इथे कोणाला सांगायची गरज नाही. आज तीत सर्व समाजांचे जवान असतात. सियाचिनमध्ये त्याने नोकरी केली, मग राजस्थानात. धावणं खऱ्या अर्थाने सुरू झालं ते फौजेत. मध्ये वजन वाढलं होतं, ते उतरवलं. त्याची शर्यत ३००० मीटरची, अडथळ्यांची. २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम त्याने २०१८ साली भुवनेश्वरला मोडला, ८ मिनिटं २९.८० सेकंदांत. मग स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला. २०२४ च्या जुलैत पॅरिसला ८ मिनिटं ०९.९१ सेकंद. सहा वर्षांत वीस सेकंदही नाही. एवढ्या कमाईला सहा वर्षं लागली, आणि या कमाईने तो जगातल्या मोजक्या धावपटूंत जाऊन बसला. १९९८ ते २०१८ पर्यंत राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं दरवेळी केनियाच नेत होता. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये साबळेने रौप्य आणलं, सुवर्णापासून ०.०५ सेकंद मागे. २०२५ साली मोनॅकोला पाण्याच्या उडीवर पडून त्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली. विक्रमवीराचंही शरीर हाडामांसाचंच असतं.

आणि माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर. दुष्काळी भाग. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. १९८४ ला पी. टी. उषा, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली भारतीय बाई हीच.

मुलींचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. आपण विहारात भीमजयंतीला मुलींची भाषणं ठेवतो, टाळ्या वाजवतो, आणि तीच मुलगी पहाटे पँट घालून पळायला निघाली की जिन्यात दोन बाया कुजबुजतात. हे बंद झालं पाहिजे. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी १९८४ साली. त्याआधी एवढं अंतर बाईला झेपणार नाही असं मोठमोठे लोक सांगत होते. आपल्या मुलींना अडवते ती झेपण्याची गोष्ट नसतेच. अंधार असतो, कोपऱ्यावरची टवाळ पोरं असतात, आणि रक्त कमी असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा मुलगी लवकर दमते म्हणून तिला आळशी म्हणू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाजरीची भाकरी, पालेभाजी, अंडं, सुकट, शेंगदाणा-गूळ, यात महागडं काही नाही. फक्त ताटात मुलीचा वाटा मुलाइतका पडतो का, ते आयांनी बघावं. अंधाराचा आणि टवाळांचा बंदोबस्त आपण पुरुषांनी करायचा आहे, आणि तो करण्यासाठी आम्ही पहाटे रस्त्यावर असतोच.

वेळ झाली, भन्तेजी घड्याळाकडे बघताहेत. कामाचं तेवढं सांगतो. उद्या पहाटे साडेपाचला विहाराच्या फाटकापाशी जमायचं. पहिले चार आठवडे एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं अर्धा तास. आठवड्यातून चार दिवस, त्याहून जास्त कोणी करायचं नाही. मुलींसोबत आई, मावशी, आजी, कोणीही आलं तरी चालेल, चालणाऱ्यांचा वेगळा गट आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि ज्यांना बी.पी., साखर आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून यावं. आणि ज्यांच्याकडे पळायचे बूट नाहीत त्यांनी लाजू नये. विहाराच्या लोखंडी कपाटात सात नंबरचे दोन, आठचा एक आणि मुलींचा पाच नंबरचा एक असे जोड धुऊन ठेवलेले आहेत. ज्यांचे जुने जोड घरी पडून असतील त्यांनी ते आणून द्यावेत. नऊ नंबरची फार मागणी आहे.

जय भीम.